चिन्नोरची पंचमी

माझ्या दिराला, ईश्वरदासला, चंद्र आज कोणत्या राशीत आहे ते कधीही विचारा, जेवता जेवता सांगेल. ताटातला भात कोणत्या बांधीतला, म्हणजे कोणत्या खाचरातला आहे ते विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघेल. असा माणूस आमच्या कामठा गावात तीस एकर धानाचा कारभार बघत होता, आणि यजमान गेल्यावर दोन वर्षं मी त्याच्या कारभारात तोंड मिटून राहिले. वयाने तो माझ्याहून धाकटा, म्हणून इथे 'तो' म्हणते. तोंडावर भाऊजीच म्हणायची. तोंड मिटून राहिले याचा राग मला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

नागपूरला तो बी.ए.ला दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा बसलाच नाही, बुध अनुकूल नव्हता म्हणे. घरी परतला तो एक ट्रंक पुस्तकं, एक मराठी पंचांग आणि एक निळी वही घेऊन. नागपुरात कोणी पेन्शनीतला साहेब त्याला भेटला होता. जर्मनीकडे आता चंद्र आणि ग्रह बघून शेती करतात, असं त्या साहेबाने सांगितलं आणि ह्याने सगळं वहीत उतरवून घेतलं. चंद्र अमुक राशीत असला की मुळांचा दिवस, तमुक राशीत असला की पानांचा, मग फुलांचा, मग फळांचा. मुळा मुळांच्या दिवशी लावायचा, माठाची भाजी पानांच्या दिवशी. नक्षत्रं आम्हीही बघतो. मृगात नांगर काढतो, आर्द्रा लागली की पऱ्हे टाकतो, म्हणजे भाताचं रोप पेरतो. पण वर बघून झालं की आम्ही खाली चिखलाकडेही बघतो.

ह्याने आल्या आल्या मेलेल्या गाईंची अकरा शिंगं जमवली, त्यांत शेण भरलं आणि बांधावर पुरली. त्याने ग्रहांची शक्ती जमिनीत उतरते म्हणे. गोठ्यामागे पंधरा गाड्या शेणखत पडलं होतं, ते तिथेच राहिलं. तीन शिंगं कुत्र्यांनी उकरून नेली. उरलेल्या आठांवर तीस एकरांची भिस्त.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मधे चिन्नोर होता.

माझ्या यजमानांचं नाव यादोराव. आमच्या पोवारांत बाईने नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, पण लिहायला कोणी बंदी केलेली नाही. तापाने गेले. माझ्या वाट्याला तळ्याखालची एक बांधी आली आणि चिन्नोरचं बियाणं, जे त्यांना त्यांच्या आईकडून आलं होतं. हा धान उशिरा पिकतो, उतारा कमी देतो, म्हणून गावाने तो कधीच सोडला होता. आमच्याकडे शिजला की तीन घरं पलीकडे कळायचं. यजमान गेले त्या साली ईश्वरदासने तो पेरला नाही, शनी वक्री होता. पुढच्या सालीही काहीतरी होतं. माठात दोन पायली उरला. लढाई लागायच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. त्या वैशाखात मी वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहिले, चौदाच उगवले. आणखी एक साल माठात राहिला असता तर एकही उगवला नसता. त्या पावसाळ्यात चिन्नोर बांधीत गेला तर राहणार होता, नाहीतर आमच्या घरातून, आणि गावातूनही, संपणार होता.

म्हणून मी दिराच्या पाया पडले. धाकट्या दिराच्या. तो हो म्हणाला आणि आर्द्रा लागल्यावर बाकीच्या पऱ्ह्यांशेजारी चिन्नोर टाकला. त्या दिवसापासून मी रोज सकाळी देवळीतल्या वाटीत धानाचा एक दाणा टाकायला लागले. ही यजमानांची रीत. पंचवीस दाणे झाले की रोपाला हात लावायचा आणि तीस व्हायच्या आत रोवणी संपवायची. त्यापुढे रोप आतून कांडी धरतं, मग ते रोवलं तरी त्याला फुटवे येत नाहीत. यजमानांचं सगळं पंचांग एवढंच होतं.

वाटीत नऊ दाणे झाले असतील. जबलपूरहून दिराला एका ज्योतिषाची चिठ्ठी आली. रोवणीचा मुहूर्त त्याने मागवला होता. चिठ्ठी त्याने कोणाला दाखवली नाही, लाल फडक्यात गुंडाळून वहीत ठेवली, भिंतीवरचं मराठी पंचांग चाळलं आणि ओसरीवरून जाहीर केलं, "श्रावण वद्य पंचमी. चंद्र मीनेत. जलराशी आहे, धानाला याहून चांगला योग नाही."

मी मनात दाणे मोजले. पंचावन्न होत होते.

"भाऊजी," मी म्हटलं, "तवपर्यंत पऱ्हे म्हातारे होऊन जातीन."

"वहिनी, रोपाला वय नसतं. योग असतो."

"मंग तुमचं तुमी ठेवा. माह्या चिन्नोरची एकच बांधी आहे, तेवढी वेळेवर रोवू द्या."

"एका शिवारात दोन योग चालत नाहीत," तो म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहायला लागला. मी आत जाऊन भात वैरला. दुसरं काय करणार होते? बैल त्याचे, गडी त्याचे, तळ्याच्या पाण्याची पाळीही त्याच्याच नावाची.

गावात रोवण्या सुरू झाल्या. आमच्या दोन्ही बाजूंच्या बांध्या हिरव्या झाल्या आणि मधे आमचा तीस एकर चिखल उघडा पडून राहिला. रोवणाऱ्या बायांची म्होरकी गिरजा रोज दारावरून जाताना विचारायची, "काऊन बाई, तुमच्याकडं कोणी मेलं का?" मालकाला विचार, मी सांगायची. मालक दुपारी झोपलेला असायचा.

वाटीत पंचवीस दाणे झाले त्या दुपारी मी गिरजाला मागच्या दाराने वाडीत बोलावलं. विहिरीच्या पाटाखाली कोचईचे, म्हणजे अळूच्या कंदांचे वाफे होते, चिखल कायमचा. ही कोचई दिराने ओसरीवरून मुळांचा दिवस सांगून माझ्याकडून लावून घेतली होती. आम्ही दोघींनी ती मुळासकट उपटली. उपटताना मला जो आनंद झाला तो मी लपवत नाही. मग पऱ्ह्यांच्या मधोमध, बांधावरून दिसणार नाही असं, तिसरा हिस्सा चिन्नोर काढला आणि दिवस मावळायच्या आत वाडीत रोवला. ईश्वरदास वाडीत कधी येत नसे. तिथे धुणं-भांडी होतात, तिथे ग्रहांचं काय काम?

पोळ्याला दहा दिवस राहिले तेव्हा त्याची पंचमी उजाडली. लोकांचं तण निंदणं चालू होतं आणि आमच्याकडे नारळ, अगरबत्ती. पऱ्हे गुडघ्याच्या वर गेले होते, पिवळे पडले होते, उपटताना मधेच तुटत होते. माझा उरलेला चिन्नोर तळ्याखालच्या बांधीत जायला निघाला, तेव्हा एक जुडी हातात घेऊन मी बोटांनी दाबून पाहिली. आत कांडी कडक लागली. मला रडू आलं आणि ते मी त्याला दिसू दिलं नाही.

बाया चिखलात उतरल्या. बांधावर बघे जमलेले पाहून ईश्वरदासला भाषणाची हुक्की आली. त्याने लाल फडकं सोडलं आणि जबलपूरची चिठ्ठी हिंदीत, जशीच्या तशी, मोठ्याने वाचली. "श्रावण कृष्ण पंचमी, गुरुपूर्णिमा के पश्चात पाँचवें दिन."

गिरजा वाकली होती ती उभी राहिली. "मालक, गुरुपूनम?"

"हो."

"ते तं मागच्या महिन्यात झाली."

जबलपूरकडे, आणि बालाघाटला माझ्या माहेरीही, पौर्णिमा झाली की नवा महिना लागतो. मराठी पंचांगात तो अमावास्या झाल्यावर लागतो. म्हणजे तिकडच्या श्रावणाचा वद्य पंधरवडा आपल्या आषाढातच निघून जातो. कामठ्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, कारण एकाच गल्लीत दोन्ही पंचांगं चालतात आणि एकाच सणाला दोन महिन्यांची नावं असतात. चिठ्ठी त्याने एकदा मला दाखवली असती तर चुलीपुढून न उठता सांगितलं असतं. पण ज्ञान बायकांना दाखवायचं नसतं. तिकडच्या हिशेबाची चिठ्ठी त्याने इकडच्या पंचांगात शोधली, बरोबर एक महिना चुकला आणि त्यासाठी नारळ फोडला.

"तिकडचा सावन अलग राह्यते मालक," गिरजा म्हणाली. "तुमची पंचमी तं त्या दिवशी होती, ज्या दिवशी बाईनं मले वाडीत..." आणि ती थांबली.

दिराने माझ्याकडे पाहिलं. मग चिठ्ठी घडी केली आणि म्हणाला, "रोवा."

संध्याकाळी तो वाडीत आला. मी भांडी घासत होते, हात राखेचे तसेच ठेवून उभी राहिले. आता काय बोलेल ते बोलू दे, मीही बोलणार होते, दोन वर्षांचं साचलेलं तोंडाशी आलं होतं. पाटाखाली चिन्नोर गच्च उभा होता, एकेका रोपाला चौदा-पंधरा फुटवे, रंग काळसर हिरवा. तो खाली बसला, फुटवे मोजले, आणि वर बघितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता.

"पाहिलं वहिनी?" तो म्हणाला. "योग खोटा ठरत नाही."

मला वाटलं होतं तो शरमेल, निदान चिडेल. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. हा वही काढून त्यात माझ्या वाडीची लांबी-रुंदी लिहीत होता. मी त्याला सांगितलं की मला पंचमी-बिंचमी ठाऊक नव्हती, वाटीत पंचवीस दाणे झाले म्हणून रोवलं. "म्हणजे तुमच्या हातून ते करवून घेतलं गेलं," तो म्हणाला. अशा माणसाला काय सांगणार? मी खाली बसून भांडी घासून टाकली.

कार्तिकात तळं आटलं तेव्हा तीस एकरांतला धान नुकता निसवत होता, दाणा भरायचा होता. निम्म्याहून जास्त पोचट निघाला. तळ्याखालच्या बांधीतला चिन्नोर तर रोवला होता तेवढ्याच उंचीवर लोंब्या काढून बसला, त्या चोळल्या की हातात भुसा. वाडीतला मी विळ्याने कापला, पाट्यावर झोडला, वाळवला. चार पायली भरला. दाणा दातांनी फोडून पाहिला आणि तोच वास आला. त्या रात्री यजमान गेल्यानंतर पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

ईश्वरदासने नागपूरच्या साहेबाला आठ पानं लिहून कळवलं. मधल्या तीस एकरांचा त्यात उल्लेख नव्हता, फक्त वाडी होती. गावातही तो पारावर बसून सांगायला लागला, की एकाच घरातलं एकच बियाणं, पंचमीला रोवलं ते पिकलं, पंचमी हुकली ते बुडालं. याहून मोठा पुरावा काय पाहिजे? लोक मान डोलवायला लागले.

मग एक दिवस तो बियाणं मागायला आला. पुढच्या साली तीस एकर चिन्नोरच करायचा, मुहूर्तावर.

"देतो न भाऊजी," मी म्हटलं. "एक सांगा फक्त. रोप किती दिवसांचं झालं म्हणजे उपटायचं?"

त्याने वही उघडली. पुढून चाळली, मागून चाळली. तो चाळत होता तोवर मी चारही पायल्या माठात ओतल्या, तोंडाला शेणमातीचा लेप दिला आणि सांगितलं की तळ्याखालची बांधी मी आता वेगळी करणार. बैल माहेरून येतील, पाण्याची माझ्या वाटची पाळी माझ्या नावावर लागेल. बियाणं माझ्याकडे होतं, म्हणून त्याने वाद घातला नाही. आज ना उद्या देईल, असं त्याला वाटत असावं. वाटो.

पुढच्या आषाढात मी स्वतः पऱ्हे टाकले. देवळीत वाटी ठेवली. तेवीस दाणे झाले त्या दिवशी गिरजाकडे निरोप पाठवला, परवा बाया घेऊन ये. ती लगेच आली आणि उंबऱ्याशी उभी राहिली. हीच गिरजा. हिनेच भर बांधावर त्याची पंचमी उघडी पाडली होती, हिनेच माझ्याबरोबर कोचई उपटली होती.

"येतो बाई," ती म्हणाली. "पण मालकानं पंचमी काढली का औंदाची?"

"तुले कायले पाह्यजे पंचमी?"

"पंचमीलेच रोवला तं पिकला न तो. सारं गाव सांगून राहिलं."

मी तिला आत नेलं. वाटी तिच्या हातावर उपडी केली आणि तेवीस दाणे एकेक करून मोजून दाखवले. यात परवापर्यंत आणखी दोन पडतील, मी म्हटलं, हीच माझी पंचमी, मागच्या सालीही हीच होती. गिरजाने सगळं नीट ऐकून घेतलं. दाणे परत वाटीत टाकले, हात लुगड्याला पुसले आणि जायला निघाली.

"बराबर आहे बाई," ती म्हणाली. "मंग जाता जाता मालकालेही विचारून घेतो एकदा."