तराजूमहाराज आणि चंद्रभागाबाईंची भूक

चौसाळ्याच्या आठवडी बाजारात त्या दिवशी वांग्यांना गिऱ्हाईक नव्हतं आणि बैलांनाही नव्हतं. सगळा बाजार मारुतीच्या पारापुढं लोटला होता. तीन बल्ल्यांच्या घोडीवर माणूस मावेल एवढ्या पारड्यांचा तराजू टांगलेला, दांडीच्या मधोमध शेंदरी फडकं गुंडाळलेलं आणि शेजारी अंगभर भस्म फासून तराजूमहाराज उभे. बाकीचे महाराज जगाच्या उद्धारासाठी अवतार घेतात. हे लोकांची चरबी उतरवायला आले होते.

एका पारड्यात चंद्रभागाबाई मांडी घालून बसल्या होत्या. कापसाचे मोठे खरेदीदार मोहनराव, त्यांची ही बायको. अंगानं भरपूर आणि स्वभावानं गरीब. दुसऱ्या पारड्यात चेले धोंडे रचत होते. मागच्या बाजारी जेवढे धोंडे लागले होते, तेवढे चढण्याआधीच दांडी आडवी झाली.

"पासरीभर पाप गळालं!" महाराज गरजले. "बाई, तुज्या पोटात हडळ बसली हाय. भूक लागती ती तिला, भाकर खाती ती, आन् फुगतीस तू! तिला उपाशी मार. मंग बघ, वाऱ्यावर उडशील!"

"खरं हाय, महाराज!" गर्दी ओरडली. वाऱ्यावर उडालेली बाई कुठल्या नवऱ्याला हवी असते, हे कुणी विचारलं नाही.

मोहनराव पुढंच उभे होते. त्यांची नजर बायकोवर नव्हती, फडक्यावर होती. तराजू ज्या दोरीनं टांगला होता ती मधोमध नव्हती, बोटभर बाजूला सरकलेली होती. दुसऱ्या कुणाला ते दिसणार नव्हतं. मोहनरावांना ते पहिल्या तुळेलाच दिसलं होतं, कारण त्यांच्या अडतीवरचा कापसाचा काटा नेमका असाच होता. बोलावं, तर लोक विचारणार, मालक, तुमाला बरं कळलं! म्हणून ते गप्प राहिले. वर महाराजांनी पुढं केलेला अंगाराही त्यांनी मुकाट कपाळाला लावला.

महाराजांचा नेम कडक होता. दिवसाला चिपटंभर ज्वारीच्या कण्या, बस्स. प्रत्येक घासामागं एक चिंचोका गाडग्यात टाकायचा आणि बाजाराच्या दिवशी ते चिंचोके महाराजांपुढं ओतायचे. मध्येच भूक लागली, तर तोंडावर पाणी मारून म्हणायचं, "माजी न्हाई, तिची हाय."

आणि हे सगळं सुरू झालं होतं मोहनरावांच्याच तोंडानं. एका लग्नाला जाताना त्यांच्या छकड्याच्या चाकाचा आरा मोडला. मांडवात सगळ्या सोयऱ्यांदेखत ते म्हणाले, "आमच्या बायकोनं आज बैलाची माफी मागायला पायजे." मांडव हसला. चंद्रभागाबाईही हसल्या आणि पंगतीत पहिल्या वाढणीवरच उठल्या. तेव्हा मोहनरावांना त्याचं काही वाटलं नव्हतं. आता ते आठवलं की मान वर होत नसे.

"अगं, अर्धी भाकर तरी खा," एका दुपारी जेवताना ते अजिजीनं म्हणाले.

"भूक तर लई लागली हाय. पर ती माजी न्हाई."

"कुणी सांगितलं तुला?"

"काट्यानं." चंद्रभागाबाई साधेपणानं म्हणाल्या. "काटा खोटं बोलत न्हाई. तुमीच तर रोज कास्तकाराला सांगता."

मोहनरावांनी हातातला घास ताटात ठेवला. खरं सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. ते पाणी प्यायले आणि त्यांनी हात धुतला. आपण चोर आहोत हे त्यांना आधीपासून माहीत होतं. आपण भित्रेही आहोत, हे त्या दुपारी कळलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी चंद्रभागाबाई आडावर पोहरा ओढता ओढता कोसळल्या. नशीब एवढंच, की आत पडल्या नाहीत. बीडच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर त्रिंबकराव देवीच्या लसी टोचायला गावात आले होते. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारलं, "बाई, शेवटचं पोटभर कधी जेवलात?"

"मी कशाला जेवू? हडळ जेवती."

"हडळ वगैरे काही नाही. शरीर जेवण मागतंय, त्याला भूक म्हणतात. ती तुमचीच आहे."

"काटा म्हणतो, न्हाई."

समोर आणलेल्या दुधाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टर मोहनरावांना अंगणात घेऊन गेले. "असंच चाललं तर या वाचत नाहीत. त्यांचा विश्वास काट्यावर आहे, तेव्हा काट्यालाच खोटं पाडलं पाहिजे. कसं, ते मला सुचत नाही."

मोहनरावांना सुचत होतं. पण त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागाबाईंना त्यांच्याच हट्टानं गाडीत घालून पारापाशी आणलं. महाराजांनी आपल्या हातानं तराजू टांगला, एका पारड्याला अंगाऱ्याचा बटवा बांधला, बाईंना त्यात बसवलं आणि मंत्र पुटपुटले. धोंडे आणखी कमी लागले. जयजयकार झाला.

"महाराज," रात्रभर विचार करून आलेले डॉक्टर पुढं झाले, "आता बाईंना दुसऱ्या पारड्यात बसवा. वजन तेवढंच भरलं, तर मीही तुमचा चेला."

महाराज क्षणभर चपापले. मग डोळे गरगर फिरवत म्हणाले, "ते पापाचं पारडं! तिथं जिता माणूस बसला, तर गावावर पटकी यील!"

पटकीचं नाव काढताच गर्दी डॉक्टरांवर उसळली. "चल बे, निघ हितून!" कुणीतरी त्यांची कॉलर धरली. चंद्रभागाबाई पारड्यात तशाच बसून होत्या, ओठ हलत होते. माजी न्हाई, तिची हाय. माजी न्हाई...

मोहनरावांना ते पाहवेना. ते पुढं झाले, डॉक्टरांना सोडवलं आणि बायकोला दंडाला धरून उतरवलं. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी दांडीवरचं शेंदरी फडकं फाडून काढलं. खाली दोन खाचा होत्या, मधल्या खुणेच्या दोन्ही अंगांना.

"बघा रे! दोरी हिकडं अडकवली की बायकोची बाजू लांब व्हती, माणूस जड भरतो. तिकडं अडकवली की बाजू आखूड व्हती, तोच माणूस हलका. रिकामी दांडी कलू नये म्हणून हा बटवा." त्यांनी बटवा उपडा केला. अंगाऱ्यातून शिशाचे गोळे धपाधप पडले.

मग ते स्वतः एका पारड्यात बसले, उठले आणि आपल्या जागी धोंडे ठेवून दुसऱ्यात बसले. धोंडे तेच राहिले, माणूस तोच राहिला. पहिल्यांदा वर गेलेले मोहनराव दुसऱ्यांदा दाणकन जमिनीला टेकले. गर्दीची नजर वळेपर्यंत महाराजांनी बल्ल्या, धोंडे आणि चेले तिथंच टाकून वाट धरली होती.

"मालक," त्यांच्या अडतीवर कापूस घालणारा कास्तकार आश्रुबा हळूच म्हणाला, "तुमाला कसं वळखू आलं?"

हाच प्रश्न त्यांना इतके दिवस गप्प बसवत होता.

"माज्या काट्याला बी अशीच खाच हाय," मोहनराव म्हणाले.

कास्तकार एकमेकांकडं बघू लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं. चंद्रभागाबाई गाडीच्या चाकाला धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुमाला कवापासनं ठावं व्हतं?"

"पयल्या तुळंपासनं."

"आन् मी भूक लागली म्हणत व्हते, तवा?"

"तवा बी."

डॉक्टर पारावर चढले. "लोकहो, वजन उतरवायचं असेल तर जरूर उतरवा, सावकाश. काय खाल्लं त्याचं भान ठेवा, मोजलंत तरी हरकत नाही. पण माप पोटाला विचारून ठरवा, पोटाचं तोंड दाबून नाही. भूक लागली की जेवा, पोट भरलं की हात धुवा. आणि कुणी तुम्हाला काट्यानं, मंत्रानं, चमत्कारानं काही पटवायला लागला, तर त्याला म्हणा, पारडी बदलून दाखव. खरं असेल तर त्याला कसली भीती?"

मोहनरावांनी हलवायाकडून पेढ्यांचा द्रोण आणला आणि बायकोपुढं धरला. चंद्रभागाबाईंनी तो घेतला नाही. आश्रुबाची बायको साखराबाई खाली बसून भाकरीचं फडकं सोडत होती. त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"मला भूक लागली हाय," त्या म्हणाल्या. "माजी."

साखराबाईनं भाकर मोडून दिली, वर पिठलं घातलं. डॉक्टर म्हणाले, सावकाश. चंद्रभागाबाई एकेक घास चावून खात राहिल्या. अर्धी भाकर झाली, तेव्हा त्यांनी हात आखडला. "बास. भरलं." साखराबाईनं आग्रह केला, तरी त्या पुन्हा नाही म्हणाल्या.

तोवर आश्रुबा आणि चार कास्तकार अडतीच्या दिशेनं चालू लागले होते. जाताना आश्रुबा मोहनरावांपुढं थांबला.

"चला मालक. तुमची पारडी बदलून बघू."

मोहनरावांनी द्रोण गाडीवर ठेवला आणि खाली मान घालून त्यांच्यामागं निघाले.