कुलूप ज्याचं, किल्ली त्याची

मदत कोणाला हवी आहे?
आधी ‘मला’ लिहिलं. खोडलं. ‘मुलीला’ लिहिलं. व्यसनमुक्ती केंद्रातल्या ताई म्हणाल्या, दोन्ही राहू द्या, खोडलेलंही वाचता येतंय.

व्यवसाय?
लिफ्ट दुरुस्ती, बावीस वर्षं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. साहेबाकडे नाही, सख्ख्या भावाकडेही नाही. कोणी चुकून चालू केलं तर चेंगरणार आपण.

घरात कोण?
बायको, दवाखान्याच्या लाँड्रीत. मुलगी, अकरा वर्षांची. लाडाने तिला फोरमन म्हणतो.

आतापर्यंत काय उपाय केले?
जागा दोन ओळींची होती. मी पान उलटलं.
वर्षापूर्वी कामावरचं लाल कुलूप घरच्या कपाटाला लावलं. बाटली आत, किल्ली दोऱ्यात ओवून फोरमनच्या गळ्यात. रविवारी एक पेला, मी पाया पडलो तरी जास्त नाही. मोठी अक्कल लढवली असं वाटलं. बाहेर प्यायचो ते वेगळंच. पोर इमानदार. मी रडलो, ओरडलो, तिची सायकल विकायची धमकी दिली. तिने किल्ली दिली नाही. मैत्रिणींकडे जाणं मात्र सोडलं. सहलीलाही गेली नाही, म्हणे मी गेले तर तुम्ही कपाट फोडाल. अंघोळीलाही दोरा काढत नाही. मानेवर वळ उठलाय.

ताईंनी वाचलं, चष्मा काढला.
“स्विचची किल्ली दिली असती तिच्याकडे?”

या प्रश्नाला फॉर्मवर जागा नव्हती.

कोणती मदत हवी?
मला डॉक्टर, सोमवारी. बायकोला बोलायला कोणीतरी, तिच्या सुट्टीच्या दिवशी. मुलीला मुलांचा गट, गुरुवारी पाचला.

फॉर्म संपला. पुढचं बिनरकान्याचं.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. त्या संध्याकाळी फोरमनने कपाट उघडलं, बायकोने बाटली मोरीत ओतली. पोरीने रिकाम्या कपाटाला पुन्हा कुलूप घातलं. मी हात पुढे केला. तिने मुठीत किल्ली घट्ट धरली.
“परत आणलीत तर?”
“तर चूक माझी. राखण करणं तुझं काम नाही. तुझ्यावर टाकलं, तेच चुकलं.”
तिने दिली नाही. मी पुन्हा मागितली नाही. घरात तिला फोरमन म्हणणं मात्र बंद केलं.

पहिले तीन गुरुवार ती किल्ली घालूनच गटात बसली. मी समोरच्या खोलीत, माझ्यासारख्या बापांमध्ये. एक आईही होती.

चौथ्या गुरुवारी बाहेर येऊन तिने दोऱ्याची गाठ सोडली. किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली. दोरा मनगटाला गुंडाळला.
“हा माझा.”

किल्ली मी शर्टाच्या खिशात टाकली, बटण लावलं. तिने दप्तरातून चुरगळलेला कागद काढला. या वर्षीची सहल.

पालकाची सही?
केली. खाडाखोड न करता.