शिक्का न बसलेली पदवी

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. साधासुधा नव्हे, पदवीचा. सध्या बैठकीच्या खोलीत कॅलेंडरशेजारी खिळ्याला लटकलेला असतो. पदवीचा कागद असा खिळ्याला का, आणि त्याच्या कोपऱ्याला भोक कसलं, असं येणारा-जाणारा विचारतो. तीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

माझा जन्म विद्यापीठाच्या छापखान्यात झाला. जाड पिवळसर अंग, वर सोनेरी मुद्रा आणि खाली कुलगुरूंची झोकदार सही. शेजारी पावत्यांचे गठ्ठे पडले होते, त्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्यावर जिचं नाव आलं, ती इंग्रजी घेऊन पदवीधर झाली होती. लहानपणापासून ती घरातल्या सगळ्यांच्या चुका काढायची, म्हणून बाबा तिला मास्तरीण म्हणत. तिने मला घरी आणलं तेव्हा आईने आधी हात धुतले, पुसले आणि मगच मला हातात घेतलं. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. लेकीचं नाव कुठे आहे तेवढं विचारून घेऊन तिने त्यावरून हळूच बोट फिरवलं.

या आईची एक खोड होती. ती शिवणकाम करायची, आणि शिवून झालेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत गेल्याशिवाय तिचा जीव भांड्यात पडत नसे. घरातही तीच तऱ्हा. रिमोटला पिशवी, सोफ्याला दुकानातून आलं तेच कव्हर. "या घरात कव्हर नाही ते फक्त मला," असं बाबा म्हणत. मग मी कसा सुटणार? दुसऱ्याच दिवशी ती मला झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने मला दोन चकचकीत पापुद्र्यांमध्ये घातलं आणि गरम यंत्रातून काढलं. "आता पाण्यात टाका, काही होणार नाही," तो म्हणाला. मी नुसता फुशारून गेलो.

त्यानंतर बरीच वर्षं माझी चैन होती. मास्तरीण शिकवण्या घ्यायची आणि मी कपाटात असायचो. पाहुणे आले की आई मला बाहेर काढायची आणि मी चमकून दाखवायचो.

एक दिवस मास्तरणीला परदेशातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी चालून आली. तिथल्या मुख्याध्यापिकेने फोनवर सगळं स्पष्ट सांगितलं. इंग्रजी फाडफाड बोलता आलं म्हणजे झालं, असं नाही. पदवी लागेल, शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण लागेल, पोलिसांचा दाखला लागेल. पदवीवर आधी इथल्या सरकारी कार्यालयाचा आणि मग त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागेल. तेव्हा कुठे कामाचा परवाना मिळेल. शाळा उघडेपर्यंत ती जागा राखून ठेवणार होती, त्यापुढे नाही.

मास्तरणीने खऱ्या वर्गासमोर उभं राहून प्रशिक्षण पुरं केलं. त्याचा कागद फाइलीत माझ्याशेजारी आला. अंगाने पातळ, ना मुद्रा ना सोनं. मी त्याच्याशी बोललोसुद्धा नाही.

सरकारी कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी त्या पोरसवदा कागदावर धप्पकन शिक्का मारला. मग माझी पाळी आली. बाईंनी माझ्यावर नख वाजवून पाहिलं.

"हे लॅमिनेट कोणी केलं?"

"आईने."

"अहो, प्लॅस्टिकवर शाई धरत नाही. असं असलं तर आम्ही घेतच नाही."

"सोलून काढलं तर?"

"कागदही निघून येईल त्याच्याबरोबर. विद्यापीठातून दुसरी प्रत काढा."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. आणि तोंड लपवायची सोयही नव्हती, कारण प्लॅस्टिक आरपार दिसतं.

घरी हे कळल्यावर आई बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. "मी चांगल्यासाठीच केलं गं," एवढंच म्हणाली.

"मला माहीत आहे, आई."

बाबांनी ओळखीच्या एका एजंटला फोन लावला. "पर्यटक म्हणून जाऊ द्या हो तिला," तो म्हणाला. "तिकडे गेल्यावर गुपचूप शिकवायला लागायचं. कोण बघतंय?" शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते, त्यामुळे बाबांचंही मन डळमळलं.

"दारावर टकटक झाली की मी वर्ग सोडून लपायचं का?" मास्तरीण म्हणाली. "मुलांना काय सांगू, बाबा?"

आईने शिवणयंत्र थांबवलं. "ती चोरासारखी जाणार नाही. चूक माझी आहे. विद्यापीठात तिच्याबरोबर मी येते."

तिथला कारकून म्हणाला, नवी प्रत मिळेल, पण जुनी रद्द करावी लागेल. त्याने माझ्यावर 'रद्द' असा शिक्का मारला. तोही बसेना. शाई पुसून त्याने पुन्हा मारला, पुन्हा घसरला. शेवटी वैतागून त्याने पंचिंग मशीन काढलं. आईने डोळे मिटून घेतले. कट्ट असा आवाज झाला आणि माझ्या कोपऱ्याला आरपार भोक पडलं. मित्रांनो, दुखलं. पण त्या भोकातून कितीतरी वर्षांनी मला हवा लागली.

नवी प्रत वेळेत आली. तिच्यावर दोन्ही शिक्के बसले, परवाना मिळाला आणि मास्तरीण राजरोस विमानात बसली. मी घरीच राहिलो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आईने त्याच भोकातून मला खिळ्याला अडकवलं. आता शिवता शिवता ती माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे.

म्हणून माझं एक ऐका. तुमचे कागद ओल आणि वाळवीपासून जरूर जपा, पण त्यांना कायमचं कोंडून ठेवू नका. त्यांना पुढे कुठे कुठे जायचं असतं, ते आज आपल्याला कळत नाही.

परवा मास्तरीण सुट्टीवर आली. तिच्या शाळेने तिला अनुभवाचा छान दाखला दिला होता. बाबा चष्मा लावून तो वाचत उठले आणि चपला घालू लागले. "थांबा, खालून लॅमिनेट करून आणतो."

आईने त्यांच्या हातातून तो अलगद काढून घेतला आणि साध्या फाइलीत ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यावर अजून शिक्के बसायचेत."