भरलेलं अंग

थळच्या कोळीवाड्यात वेणूबाईच्या लेकीला कुणी केसर म्हणून क्वचितच हाक मारली असेल. लहानपणापासून तिला सुकट म्हणत. हातापायांच्या काड्या, गळ्याची हाडं वर आलेली, गाल बसलेले. पोर मात्र वाऱ्यासारखी. डोक्यावर माशांची पाटी घेऊन थळवरून अलिबागच्या बाजारात जायची, ती वाटेत एकदाही पाटी खाली ठेवायची नाही. बरोबरच्या बायका धापा टाकत मागून यायच्या, तोवर हिची अर्धी पाटी विकून झालेली असायची.

पण वेणूबाईला ते दिसत नव्हतं. तिला दिसायची फक्त हाडं. त्याला कारणही तसंच होतं. तिचा नवरा तुकाराम सव्वीस सालात क्षयानं गेला. एका हातानं वल्हं ओढणारा माणूस वर्षभरात असा वाळला, की शेवटी वेणूबाईच त्याला उचलून परसात नेत असे. तो दर आठवड्याला हलका होत गेला आणि ते तिच्या हातांना कळत गेलं. तेव्हापासून एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली होती. माणूस बारीक झाला की समजायचं, तो जायला निघाला.

गावालाही तसंच वाटायचं. न्हावा गावचं एक स्थळ आलं होतं. पाहुण्यांनी केसरला पाहिलं, चहा घेतला आणि जाताना शेजारच्या मनुबाईला हळूच विचारलं, "पोरीला खोकला हाय का?" ते परत आले नाहीत. त्यानंतर वेणूबाईनं लेकीला खाऊ घालायचा ध्यासच घेतला. ताटात तूप ओतायची, खेकड्याचं कालवण दोनदा वाढायची, नारळाचं दूध समोर बसून प्यायला लावायची. केसर सगळं निमूट खायची आणि तशीच राहायची.

शेवटी बोर्लीच्या सदानं तिला मागणी घातली. त्यानं तिला अलिबागच्या रस्त्यावर पाटी घेऊन जाताना पाहिलं होतं. त्याची आई आवडाबाई जरा कां कूं करत होती, तेव्हा तो म्हणाला, "आये, मी मोकल्या हातानं चालत हुतो आन ती पाटी घेऊन माज्या म्होरं गेली. तिला कसला रोग?" चौतीसच्या वैशाखात लग्न झालं. पुढच्याच वर्षी, आठवा महिना लागता लागता, केसर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

होडीतून ती उतरली आणि वेणूबाई बघतच राहिली. लेकीचे गाल वर आले होते. मनगटं गोल झाली होती. गळ्याची हाडं कुठं गेली ते कळत नव्हतं. वेणूबाईनं तिला वाळूतच उभी करून डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले.

"भरलीस गो बाय," ती म्हणाली. "आज तुजा बा असाया पायजे हुता."

केसर हसली. डोकं जरा दुखतंय, होडी लागली असेल, एवढंच ती म्हणाली.

पुढचे दिवस वेणूबाईच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. ती लेकीला घेऊन घरोघर फिरली. शुक्रवारी ओटीभरण ठरलं, म्हणून आधी कासाराला बोलावलं. त्यानं केसरचा हात दाबून पाहिला, जुनं माप चढवून बघितलं आणि म्हणाला, "दोन मापं मोठं लागंल, वेणूबाई." वेणूबाईनं त्याला बांगड्यांच्या पैशांवर नारळ आणि मूठभर साखर दिली. जुन्या बांगड्या काढताना केसरच्या हातावर वळ उठले आणि ते लवकर जाईनात. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मंगळवारी अलिबागचे डॉक्टर दिनानाथ मनुबाईच्या नातवाचा ताप पाहायला आले होते. परत जाताना ते वेणूबाईच्या अंगणाशी थांबले. केसर ओट्यावर पाय पसरून जवळा निवडत होती, पण उन्हाकडे पाठ करून, डोळे बारीक करून. डॉक्टर जवळ आले. त्यांनी काही न विचारता तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याएवढा खड्डा तिथं तसाच राहिला.

"डोकं दुखतं का, बाळ?"

केसरनं आईकडे पाहिलं. "जरासं."

"डोळ्यांपुढं काजवे?"

"कवा कवा."

"विहिरीवरून पाणी आणताना दम लागतो?"

"हंडा दोनदा खाली ठेवाया लागतो," केसर म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. पाटी घेऊन अलिबाग गाठणारी पोर ती.

डॉक्टर वेणूबाईकडे वळले. "बाई, हे अंगावर मांस चढलेलं नाही. हे पाणी आहे. उद्या हिला माझ्याकडे घेऊन या. लघवी तपासू, वजन करू, चार दिवस निजवून ठेवू. तोवर मीठ नको, सुकं म्हावरं नको. हे साधं नाही."

वेणूबाईच्या कपाळाची शीर उठली. "डॉक्टरसाहेब, माजा घरवाला सुकत गेला, तवा तुमच्यातलेच सांगत हुते, आंगावर मांस चढलं तर वाचंल. न्हाय चढलं. गेला. आता माज्या पोरीच्या आंगावर चढलंय, तर ते बी वाईट?"

"तेव्हा सांगितलं तेही खरं होतं," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पण वजन वाढलं म्हणजे माणूस बरं असतं असं नाही. ही बारीक होती तेव्हा किती चालायची, आणि आता? ते बघा. उद्या आणा."

ते गेल्यावर केसरनं विचारलं, "आये, जायाचं का उद्या?"

वेणूबाई चुलीपाशी गेली होती. "शुक्रवारी ओटी भरू दे. सगल्या बाया येनार हायेत तुला बघाया. शनवारी जाऊ."

"बरं," केसर म्हणाली. आईला इतकं आनंदात तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी वेणूबाईनं वाढलेला सुका जवळा तिनं मुकाट्यानं खाल्ला.

शुक्रवारी सकाळी वेणूबाई लेकीला पुढ्यात बसवून तिची वेणी घालत होती. दारात ओटीचे नारळ, तांदूळ, हिरवं लुगडं मांडून ठेवलेलं. केसर दोन्ही हातांनी कपाळ दाबून बसली होती.

"आये, दिवा का इजवलास?"

"येडी का काय? ऊन आलंय घरात."

"मना काय दिसत न्हाय गो."

वेणूबाईनं तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. केसरचे डोळे उघडे होते आणि ते आईच्या खांद्यापलीकडे कुठंतरी पाहत होते. मग तिचा ओठ एका बाजूला ओढला गेला आणि सगळं अंग ताठ झालं. ओटीसाठी आलेल्या बायका आत धावल्या. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी भगताला बोलवा म्हणालं. मनुबाईनं मात्र बैलगाडी जुंपायला लावली.

अलिबागेपर्यंत तीन झटके आले. वेणूबाईनं सगळी वाट लेकीचं डोकं मांडीवर धरलं होतं. जड झालेलं ते अंग गाडीच्या हिसक्यांनी घसरायचं आणि तिला एकटीला ते सावरत नव्हतं.

डॉक्टरांनी जे जमलं ते केलं. दुपारी मूल जन्मलं, मुलगी, जिवंत. केसर शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यासमोरून मीठवाल्यांच्या गाड्या जात असताना, तिचा श्वास थांबला. डॉक्टर बाहेर येऊन वेणूबाईपाशी उभे राहिले. मंगळवारचा एक शब्दही त्यांनी काढला नाही. ते चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा वाटलं. सदा पोचला तेव्हा फक्त नेणं उरलं होतं.

तेरावा झाल्यावर सदा आणि आवडाबाई मुलीचं काय करायचं ते ठरवायला थळला आले. मनुबाईची सून मुलीला अंगावर पाजत होती.

आवडाबाई म्हणाली, "इहीनबाय, पोर वर्सभर तुमच्यापाशी ऱ्हाऊं द्या. आमच्याकडं माजी भाची पाजनारी हाय, न्हाय असं न्हाय. पन तुमच्या पोटचं गेलंय. तुमचा बी जीव रमंल."

तेरा दिवस वेणूबाई हे ऐकायची वाट पाहत होती. तिनं मुलीला मांडीवर घेतलं, मग परत आवडाबाईच्या हातात दिलं.

"मना सांगायचंय," ती म्हणाली. "डॉक्टरनं मंगलवारी सांगितलं हुतं. पोरीला उद्या आन म्हनला. आंगात पानी हाय म्हनला. मी नेली न्हाय. ओटीला बाया येनार हुत्या. पोर कशी भरलीय ते त्यांना दावायचं हुतं मना."

सदा खांबाला टेकून उभा होता. तो खांब सोडून पुढं आला.

"सांगावा धाडला अस्तास, मामी, तर मी खांद्यावरून नेली अस्ती."

"व्हय."

आवडाबाईनं तोंडाला पदर लावला. मग जरा सावरून म्हणाली, "जालं ते जालं. तुमी काय वाईट चिंतलं न्हाय. ही बगा बरं, हिला दूद पुरतंय का? तुमीच बगा."

"मना बघून कलत न्हाय, आवडाबाय," वेणूबाई म्हणाली. "मना कंदीच कललं न्हाय. तुमी न्या हिला. डॉक्टरला दावा. तो म्हनंल ते करा."

ते दोघं निघाले. वेणूबाई त्यांच्यामागं किनाऱ्यापर्यंत गेली, पण होडीजवळ गेली नाही. जाळी वाळत घातली होती, त्यांच्या अलीकडेच थांबली. आवडाबाई मुलीला घेऊन होडीत बसली. सदानं होडी पाण्यात ढकलायला हात लावला आणि तो थांबला. वळून, वाळू तुडवत परत वेणूबाईपाशी आला. तो आता काय बोलेल ते ऐकायला ती मान खाली घालून उभी राहिली.

"तिचं डोकं लई दुकायचं का?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"कवापासून?"

"आली त्या दिसापासून. होडीतून उतरल्या उतरल्या बोलली मना."

सदानं मान हलवली. आणखी काही विचारायचं असल्यासारखा तो क्षणभर घुटमळला. मग गेला. होडी खाडीच्या तोंडाकडे वळली, शीड भरलं, आणि बाळाचं रडणं काही वेळ पाण्यावरून ऐकू येत राहिलं.