विमानाचा कान

त्या गुरुवारी माझ्या कांद्याच्या चाळीपुढं चारशे माणूस बसलं होतं. दौंडवरून दोन जीप भरून आल्या होत्या, कासुर्डीची भजनी मंडळी टाळांसकट आली होती, आणि मांडवगण फराट्याच्या अलीकडं जी आमची दहा घरांची वस्ती आहे, तिच्या वाटेवर आयुष्यात पहिल्यांदा भेळेची गाडी लागली होती. चाळीत कांदा नव्हता. विमान होतं.

"मोटर चालू हाय का?" श्वासानंद महाराजांनी विचारलं.

"न्हाई," लोक म्हणाले.

"म्होरला पंखा फिरतोय का?"

"न्हाई."

"चाकाखाली दगड हायत का?"

"हायत."

"मग आता डोळं उघडं ठिवा आन् मन बी."

महाराजांनी भगवं उपरणं डोक्यावरून ओढलं आणि डाव्या पंखाखाली जी बोटभर नळी पुढं आलेली असते तिच्यापाशी वाकले. देवळात नंदीच्या कानात आपण मागणं सांगतो, तसा त्यांनी विमानाच्या कानात मंत्र सांगितला. आत बसवलेला मानकरी तबकडीवरचा काटा वाचू लागला. "चाळीस. सत्तर. शंभर झालं, शंभर." दगड लावून उभ्या केलेल्या विमानानं ताशी शंभराचा वेग घेतला होता. टाळ सुरू झाले, बायांनी पंखाला कुंकू लावलं.

हे विमान मी बांधलं होतं. ती नळी मी माझ्या हातानं बसवली होती. आणि मी हाताची घडी घालून गप्प उभा होतो.

का, ते सांगतो. मी सोपानराव. रांजणगावच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं पत्र्याचं काम करून रिटायर झालो. लोक रिटायर झाल्यावर प्लॉट घेतात, मी विमानाचं किट घेतलं. मोठमोठ्या पेट्यांतून सुटे भाग येतात, बरोबर जाडजूड पुस्तक येतं आणि घरी बसून सगळं जोडायचं असतं. दोन माणसांचं छोटं विमान. कांद्याची चाळ लांब आणि हवेशीर, म्हणून तिथंच मांडलं. सहा वर्षांत अकरा हजार रिव्हेट मारले. पंखांना अजून कांद्याचा वास येतो. आणि या सहा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की कुणी विचारलं नाही, "आप्पा, कवा उडतंय?" लग्नात पंगतीला बसलो तरी तेच. वाढप्यासुद्धा विचारायचा.

या कामात मला एकच मदतनीस होती, शेजारच्या धुरपदावहिनींची नात, नऊ वर्षांची राजनंदिनी. तिला दमा. पावसापाण्याच्या दिवसांत खेळता यायचं नाही, म्हणून ती विमानाच्या सीटवर बसून तासन् तास कुठं कुठं जाऊन यायची.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो. मी ड्रिल मशीनला, रिव्हेटगनला आणि विमानाला झेंडूचे हार घातले. शेजारी महाप्रसादाला आलेले श्वासानंद महाराज पेढा खायला आमच्याकडंही वळले. विमानाला नमस्कार करायचा तर कुठं करावा हे त्यांना समजेना. शेवटी त्यांना ती नळी दिसली. "ह्यो याचा कान," असं ठरवून ते तिच्यात काहीतरी पुटपुटले, आणि सीटवर बसलेली राजनंदिनी म्हणाली, "आप्पा, काटा हलला."

महाराजांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं होतं. पण धंद्याचा माणूस. एका श्वासात सावरले. "हालणारच," म्हणाले.

पुढच्या गुरुवारी पन्नास माणसं आली, त्याच्या पुढच्या गुरुवारी दोनशे. आणि "कवा उडतंय" म्हणणारे लोक मला "आप्पासाहेब" म्हणू लागले. सोसायटीच्या चेअरमननं मला खुर्ची दिली. मी स्वतःला फार विज्ञाननिष्ठ समजतो, आयुष्यात कुणाला दृष्ट काढू दिली नाही. पण ती खुर्ची गोड लागली. म्हटलं, कुणाचं काय वाईट होतंय? चार दिवस टाळ वाजतील, मग विसरतील.

तिसऱ्या गुरुवारी महाराजांनी नवी जाहिरात काढली. "ज्या श्वासानं यंत्र जागं व्हतं, त्या श्वासानं माणसाची छाती मोकळी व्हनार न्हाई व्हय? दमेकऱ्यांनी औषध लाल फडक्यात बांधून विमानाच्या पंख्याला टांगायचं. सात दिस हात लावायचा न्हाई. आठव्या दिशी मी छातीत फुंकर घालनार." लोकांनी पुड्या टांगल्या. खोटं कशाला सांगू, मला काळजी वाटली ती पंख्याचा तोल बिघडायची.

आता त्या चौथ्या गुरुवारकडं येतो. टाळ चालू असताना गर्दीतून वाट काढत आमच्या उपकेंद्राची आरोग्यसेविका करुणा आली. तिची पिशवी एका खांद्याला आणि राजनंदिनी कडेवर. नऊ वर्षांची पोर कडेवर कुणी घेत नाही. तिचे खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. मागून धुरपदावहिनी धावत आल्या.

"आप्पा, हिचा दम्याचा पंप कुठाय?" करुणानं मला विचारलं.

मी वहिनींकडं पाहिलं. वहिनींनी पंख्याकडं पाहिलं. सात दिवस त्या बाहेर "पोरीला पडसं हाय" म्हणून सांगत होत्या.

"आजचाच दिस ऱ्हायला, बाय," वहिनी करुणाला म्हणाल्या. "संध्याकाळी महाराज फुंकर घालत्यात. नवस मोडू नगंस."

करुणानं वाद घातला नाही. तिनं गळ्यातल्या स्टेथोस्कोपच्या नळ्या वहिनींच्या कानात घातल्या आणि दुसरं टोक पोरीच्या पाठीला लावलं. वहिनी ऐकत राहिल्या. छातीत मांजराची पिल्लं कोंडल्यासारखा आवाज त्यांना पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकू आला असणार, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. नळ्या कानातच ठेवून त्या पंख्याकडं गेल्या, दातांनी गाठ सोडली आणि पंप आणून पोरीच्या तोंडाला लावला. करुणा मोजून फवारे देत होती. टाळ थांबले होते.

मला त्या वेळी जी लाज वाटली तशी आयुष्यात वाटली नव्हती.

"नवस मोडला," महाराज घोषणेच्या सुरात म्हणाले. "आता इमान माझ्याशी बोलनार न्हाई. पुढलं पाप माझ्यावर न्हाई."

"बोलंल की," मी म्हणालो. आवाज माझाच होता, चार आठवडे उशिरा आलेला. "करुणाताई, तुमचं बीपीचं यंत्र द्या."

राजनंदिनीचा श्वास पंधरा-वीस मिनिटांत खाली बसला. पाणी पिऊन ती आपल्या नेहमीच्या सीटवर बसली आणि धुरपदावहिनी दारात उभ्या राहिल्या. करुणानं बीपीच्या यंत्राची रबरी नळी आणि फुगा काढला. मी नळी विमानाच्या त्या 'कानावर' चढवली.

"हळू दाबा," मी म्हणालो, "जोर झाला तर काटा मोडंल."

करुणानं दोन बोटांनी फुगा दाबला.

"साठ," राजनंदिनी म्हणाली. "आता ऐंशी."

धुरपदावहिनी काट्याकडं बघत होत्या. "आगं, ह्यो तर माज्या दंडाला लावतीस त्यो काटा."

"तसाच आहे, आजी," करुणा म्हणाली. "हवा दाबली की काटा सरकतो. दंडाला बांधला की बीपी, विमानाला जोडला की वेग."

मी लोकांना नळी दाखवली. सांगितलं की हा कान नाही. विमान पुढं पळतं तेव्हा समोरचा वारा या भोकातून आत घुसतो, नळीतून तबकडीपर्यंत पोचतो, आणि जितका वाऱ्याचा दाब, तितका काटा वर. उभ्या विमानाला वारा नसतो, म्हणून महाराज उपरण्याआड तोंड लावून फुंकतात. एवढंच.

महाराज कच्चे नव्हते. "फुग्यातली हवा कुणाची?" त्यांनी विचारलं. "ह्या जागेवर चार आठवडं माझा श्वास हाय. इथली सगळी हवा भारलेली हाय."

मागून आमचा साहेबराव उठला. "मग महाराज, माझ्या ट्रॅक्टरच्या चाकात भरा की वाईच. पंक्चरवाला पार मांडवगणला हाय."

पहिलं हसू कासुर्डीच्या भजनी मंडळींतून आलं, मग ते पसरलं.

"एक करा, महाराज," मी म्हणालो. "मंत्र तोच म्हणा. फक्त उपरणं काढा आन् नळीपासून हातभर लांब उभं राहून म्हणा."

आता नाही कसं म्हणणार? ते हातभर लांब उभे राहिले. मंत्र म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले. गाल फुगवून म्हणाले, इतके की भेळवाल्यानं हातातली कढई खाली ठेवली.

"शून्य," राजनंदिनी म्हणाली.

ते पुन्हा म्हणाले.

"शून्यच हाय."

"वेळ चुकीची हाय," महाराज म्हणाले आणि जीपकडं निघाले. करुणानं जाता जाता त्यांना जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून दिली, तर त्यांनी चालण्याचा वेग वाढवला. तो मात्र कुठल्याही काट्याशिवाय दिसत होता. लोकांनी पंख्यावरच्या पुड्या सोडल्या आणि आपापली औषधं ओळखून घेतली. करुणानं राजनंदिनीला आणि तिच्या आजीला शिरूरला डॉक्टरकडं नेलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी धुरपदावहिनींकडं गेलो. चौकशी करायला गेलो होतो. खरं तर चार शाबासकीचे शब्द मिळतील अशी आशा होती. पोर अंगणात अभ्यास करत होती. वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, त्यो बुवा लुच्चा हाय. लुच्चा लुच्चेगिरीच करनार. पर तुमाला ठावं हुतं."

मी म्हणालो, "व्हय."

"पयल्या दिसापास्नं?"

"पयल्या दिसापास्नं."

त्यांनी चहा विचारला नाही. अजून त्या माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

म्हणून हे लिहायला घेतलं. बुवा पकडणं फार अवघड नसतं. कुणी काटा हलवून दाखवला तर काट्याला हात जोडू नका, त्याची नळी कुठून येते ते विचारा, आणि बुवाला हातभर लांब उभं करून पुन्हा हलवायला सांगा. चालू औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाच्याही शब्दावर बंद करू नका. आणि तुमच्यापैकी ज्याला नळी ठाऊक असेल, त्यानं खुर्ची मिळाली म्हणून गप्प बसू नये. पहिल्याच गुरुवारी तोंड उघडावं. मी चौथ्या गुरुवारी उघडलं. राजनंदिनीच्या छातीनं तोवर वाट पाहिली. दुसऱ्या कुणाची छाती पाहीलच असं नाही.