माझ्यावरचं पहिलं अक्षर

मित्रांनो, बोरीच्या बाजारात शिलाईच्या दुकानावर टांगलेली मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. माझ्या कडा गंजल्या आहेत, एक कोपरा वाकला आहे, पण तोरा अजून कायम आहे. माझं मूळ फार थोर नाही. सडकेच्या कामावरच्या डांबराच्या रिकाम्या पिंपातून मुंजाजी पेंटरनं मला कापलं, ठोकून सपाट केलं आणि दोनदा काळा रंग दिला. मी अशी चकाकले की वाटलं, आता लगेच अंगावर पिवळीधमक अक्षरं येणार! पण मुंजाजीनं हातात घेतला खडू.

त्याची रीतच तशी होती. दुकानाची नोंदणी तालुक्याला व्हायची, पण नाव मोकळं आहे की कुणी आधीच घेतलंय, हे बाजारालाच ठाऊक असे. एकदा दोन शिंप्यांच्या दुकानांचं नाव एकच निघालं आणि एका नवरदेवाचा कोट भलत्याच माणसाच्या अंगावर मिरवून आला. तेव्हापासून मुंजाजी नवं नाव आधी खडूनं लिही आणि बाजाराच्या दिवशी पाटी चौकात उभी करी. त्या नावावर ज्याचा हक्क असेल त्यानं ओल्या बोटानं पहिलं अक्षर पुसायचं. दिवस मावळेपर्यंत अक्षर टिकलं तर नाव मोकळं. पुसलं गेलं तर मात्र मुंजाजी ते नाव रंगवत नसे, मग कुणी कितीही विनवण्या करो.

माझ्यावर नाव आलं, 'धुरपताबाई शिलाई केंद्र'. ते सत्यशीलानं सांगितलं होतं. ती बौद्ध वस्तीतली, परभणीला शिवणकाम शिकून आलेली. चारच दिवसांनी, भीमजयंतीला, तिला दुकान उघडायचं होतं. धुरपताबाई ही तिची आई. आई जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबली. लोक तिला 'ए धुरपे' म्हणून हाक मारत आणि हजेरीच्या कागदावर तिचा नुसता अंगठा उमटे. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा ढवळून निघाला होता. नावाचं मोल सत्यशीलाला कुणी शिकवायला नको होतं. आईला न सांगता तिला आईचं नाव बाजारात उंचावर लावायचं होतं, तेही 'बाई' लावून.

अडचण एकच होती. गावातले मोठे जमीनदार व्यंकटराव, त्यांच्या आईचंही नाव धुरपताबाई. मुंजाजी चाचरत म्हणाला, "दुसरं काही बघ की. लय नावं हायती."

"माझ्या मायला दुसरं नाव न्हाई," सत्यशीला म्हणाली.

बाजाराचा दिवस उजाडला आणि मी चौकात उभी राहिले. काय सांगू मित्रांनो, जो येई तो मला वाचून जाई! एवढी माणसं आपल्याकडं बघतायत म्हणून मी फुशारून गेले होते. दुपारी खुद्द व्यंकटराव समोर येऊन थांबले. त्यांनी नाव दोनदा वाचलं. मग त्यांचं बोट तोंडाकडं गेलं. माझा पत्रा गार पडला. पण बोटाला होता चुना. तो चाटून, पान चावत ते निघून गेले. मी सुटकेचा श्वास सोडला.

मुंजाजी भाकरी खायला गेला आणि डोक्यावर मिरच्यांची टोपली घेतलेली एक म्हातारी माझ्यापुढं थबकली. तिनं टोपली खाली ठेवली. बराच वेळ तिचे ओठ हलत होते. मग तिनं बोट जिभेला लावलं आणि माझ्या पहिल्या अक्षरावरून सावकाश फिरवलं. अक्षराचा नुसता पांढरा फराटा झाला. मी मनातल्या मनात किती ओरडले, पण पत्र्याला तोंड कुठलं? म्हातारी टोपली उचलून गर्दीत निघून गेली.

संध्याकाळी मुंजाजीनं ते पाहिलं आणि मटकन खालीच बसला. सत्यशीला धावत आली. जमलेली माणसं कुजबुजू लागली की हे काम व्यंकटरावांच्या घरचंच. सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण ती म्हणाली, "मी त्यांच्या दारात जाऊन विचारणार." ती निघालीसुद्धा. तेवढ्यात तीच म्हातारी रिकामी टोपली घेऊन समोरून आली आणि तिनं विचारलं, "सत्ये, कुठं निघालीस माय?"

हीच तिची आई! मी थक्क झाले. काय झालं ते कळल्यावर म्हातारी घाबरली. तिनं खडूनं माखलेलं बोट पुढं केलं.

"म्या पुसलं न्हाई, गिरवलं. साक्षरतेच्या वर्गात बाईनं ओल्या बोटानं तसंच गिरवायला शिकवलंय. मला तेवढंच एक नाव वाचता येतंय."

मुंजाजी उठला आणि हात जोडून म्हणाला, "धुरपताबाई, रीतीनं नावाचा हक्क तुमीच सांगितला. आता हे नाव दुकानाला द्यायचं का न्हाई, ते तुमीच सांगा."

त्या बाजारात तिला 'तुमी' म्हणणारा तो पहिलाच. तिनं लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "द्या," ती म्हणाली, "पर पयलं अक्षर म्या लिव्हते."

मुंजाजीनं कुंचला तिच्या हातात दिला. 'धु' वाकडा आला, उकार लांबच लांब खाली गेला. बाकीची अक्षरं मुंजाजीनं झोकात काढली. जयंतीला मी दुकानावर चढले तेव्हा धुरपताबाई रस्त्यात उभी राहून मला मोठ्यानं वाचत होती, आणि आनंदानं मी खिळ्यावर थरथरत होते.

पुढं निवडणुकांचे कागद माझ्या अंगावर चिकटवले गेले. पावसानं रंग उडवला, धूळ तर विचारूच नका. धुरपताबाई होती तोवर रोज सकाळी कोरड्या फडक्यानं मला पुसायची. आता ती नाही. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नवं नाव मिळालं, त्या दिवशी सत्यशीलानं मला हार घातला आणि आईकडं पाहावं तशी माझ्याकडं पाहत राहिली.

मित्रांनो, हल्ली नवे पेंटर मला रंगवायला येतात आणि पहिलं अक्षर चुकलंय म्हणून हसतात. मला खुशाल रंगवा, माझा गंज खरवडा, माझा वाकलेला कोपरा सरळ करा. फक्त ते पहिलं अक्षर सरळ करू नका. ते धुरपताबाईच्या हातचं आहे.