आतल्या कडीच्या दोन खुंट्या

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे आणि माझ्या हातून अकरा मासे मेले. बारावा जीव माणसाचा होता. तुमच्या पुस्तकातल्या छत्र्या आणि चपला 'मी किती उपयोगी पडले' असं सांगतात. माझ्याकडे सांगण्यासारखं तसलं काही नाही. ऐकायचं असेल तर बसा.

माझं अंग लोखंडी डब्याचं आहे. पोटात स्प्रिंग आहे आणि समोर चोवीस तासांची तबकडी आहे. किल्ली दिली की तबकडी सावकाश फिरते. तबकडीच्या कडेला भोकं आहेत आणि त्यांत पितळेच्या बारीक खुंट्या बसतात. एक खुंटी आली की वीज सुरू होते, दुसरी आली की बंद. एवढंच माझं काम. मला घडवणाऱ्या कारागिराने तबकडी कानाशी धरून तीनदा फिरवून पाहिली होती. त्याचा चेहरा आता आठवत नाही. तो मला 'अचूक' म्हणाला होता, तेवढं आठवतं. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

छप्पन साली मी पुण्याला बुधवार पेठेत एका विजेच्या सामानाच्या दुकानात होतो. चिंचवडच्या एका कारखान्यातून दोन माणसं आली. एक होते दौलतराव, कारखान्याचे स्टोअरकीपर. धुतलेलं धोतर, वर कोट, कोटाला मोठे खिसे. दुसरा हिंदुराव, साताऱ्याकडून पोटासाठी आलेला कामगार. दोन जिने चढून आल्यासारखा तो उभ्या जागी धापा टाकत होता. खरं तर दुकानाला एकच पायरी होती.

कारखान्याच्या पाहुणेघरात शेठजींनी काचेची मोठी टाकी ठेवली होती. तिच्यात सोनमासे होते. टाकीवर दिवा आणि पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप. दिवा रात्रभर जळत राही, म्हणून टायमर घ्यायचा होता.

दुकानदाराने आम्हा तीन टायमरांना फळीवर मांडलं. पहिला विजेवर चालणारा, किल्ली नको, काही नको.

"हा बरा," दौलतराव म्हणाले. "रोज किल्ली कोण देत बसणार?"

"आन वीज गेल्यावर?" हिंदुराव म्हणाला. "आपल्याकडं वीज पावण्यावानी येती, पावण्यावानी जाती. ह्यो जागच्या जागी थांबल. वीज आली की सकाळला संध्याकाळ समजल. किल्लीचा द्या. किल्ली मी देतो."

किल्लीचे आम्ही दोघे होतो. एकाच्या तबकडीवर खुंट्यांची एक कडी होती. माझ्यावर दोन होत्या, एक बाहेर आणि एक आत. बाहेरच्या कडीवर एक स्विच चाले, आतल्या कडीवर दुसरा.

"दिवा एक आहे ना? मग दोन कड्या कशाला?" दौलतरावांनी विचारलं.

"उद्या दुसरी टाकी आली तर तिचा दिवा हिथं लावता येईल. घ्यायची वस्तू, तर पुढचं बघून घ्यावी, दौलतराव."

"तुझ्या बापाचा कारखाना आहे का रे, पुढचं बघायला?"

हिंदुराव हसला, मग खोकला आला, मग बराच वेळ नुसता खोकला. दौलतरावांनी तोंड फिरवून मला बांधायला सांगितलं. अशी माझी निवड झाली, मित्रांनो. इतक्या प्रेमाने मला कोणी निवडलं नव्हतं. रेल्वेने परत येताना मी त्याच्या मांडीवर होतो आणि त्याच्या छातीतली घरघर माझ्या पत्र्याला कळत होती.

ती घरघर कशाची, ते सांगतो. हिंदुरावने सात वर्षं ग्राइंडिंगच्या खात्यात काढली होती. तिथे लोखंड घासतात. घासताना उडणारी बारीक धूळ माणसाच्या छातीत जाऊन बसते आणि परत निघत नाही. डॉक्टरने सांगितलं, याला धुळीत ठेवलात तर वर्ष काढणार नाही. शेठजींना दया आली. त्यांनी त्याला पाहुणेघरात हलकं काम दिलं. मासे सांभाळायचे, दिवे बघायचे, बागेला पाणी घालायचं. म्हणजे मासे जगले तर हिंदुराव जगणार होता. हे सगळ्यांना माहीत होतं. तुम्हीही लक्षात ठेवा.

त्याने मला भिंतीवर बसवलं. दिव्याची वायर माझ्या बाहेरच्या कडीला जोडली. सकाळी आठला दिवा लागे, रात्री नऊला विझे. पंपाची वायर त्याने माझ्याकडे आणलीच नाही, सरळ भिंतीतल्या प्लगला लावली.

पाहुणेघर झाडायला गवराबाई येई. ती कासारवाडीची. तिच्या घरच्या दोन शेतांवर आता कारखान्याची भिंत उभी होती, आणि त्याच भिंतीच्या आत ती झाडू मारत होती. तिने विचारलं, "ह्या दुसऱ्या तारेला घड्याळ का न्हाई लावलं?"

"दिव्याला रात्रीची झोप चालती, गवराबाई. हवेला चालत न्हाई."

"मासा पाण्यात असला म्हंजी झालं की."

"पाण्यातली हवा संपती. एवढीशी टाकी, अकरा मासं. मला इचारा दम कोंडला की काय होतंय ते."

दीड वर्ष आमचं बरं चाललं. हिंदुराव रोज सकाळी मला किल्ली देई, फडक्याने पुसे. त्याचा खोकला कमी झाला होता. त्याची बायको कौशल्याबाई एकदा डबा घेऊन आली, तर त्याने तिला मासे दाखवायच्या आधी मला दाखवलं. "दोन कड्याचा हाय," म्हणाला. जशी काही दोन मजल्यांची माडी बांधली होती.

मग पाहुणेघरावर नवे साहेब आले. मला दाखवायचा हिंदुरावचा हा हौशी स्वभाव इथे आड आला. साहेबांपुढे त्याने माझा दरवाजा उघडला आणि आतली रिकामी कडी दाखवून सांगितलं, "साहेब, ह्याच्यावर दिवसातनं चार बारी काय बी चालू-बंद करता येतंय."

साहेबांनी ते लक्षात ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात हुकूम आला. दुपारी पाहुणे झोपतात, पंपाच्या घुरघुरीने त्यांची झोप मोडते. पंप आतल्या कडीवर घ्या, एक ते चार बंद.

"साहेब, मासं मरत्याल," हिंदुराव म्हणाला.

"तीन तासांचा तर प्रश्न आहे. माणसाला जेवणाची सुट्टी असते. यंत्रालाही असू दे."

"सुट्टी यंत्राला हाय, साहेब. माशाला न्हाई."

"तुला इथे राहायचं आहे ना? की परत ग्राइंडिंगला पाठवू?"

हिंदुरावने पक्कड उचलली. त्याने वायर बदलली. आतल्या कडीत स्वतःच्या हाताने दोन खुंट्या बसवल्या, एक बंद करणारी आणि एक चालू करणारी. मित्रांनो, त्याला भित्रा म्हणू नका. ज्याच्या छातीत दम आहे त्याने शौर्याच्या गोष्टी सांगाव्यात.

एक वाजला की मी पंप बंद करी. दोनपर्यंत मासे पाण्याच्या वरच्या थरात येत आणि तोंडं उघडमीट करत. मग हिंदुराव स्टुलावर चढून लोट्याने टाकीतलंच पाणी उचलून उंचावरून परत ओतत राही. पाण्यात हवा मिसळावी म्हणून. तीन तास. हात भरून आले की गवराबाई लोटा घेई. "तुमी भाकर खावा, मी वतते," म्हणे. त्याची भाकरी रोज चारनंतर व्हायची.

साठ वेळा, शंभर वेळा मला वाटलं, आज बंद पडावं. स्प्रिंग तुटावी. एवढं साधं काम मला जमलं नाही. मी अचूक होतो ना!

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात साहेबांचे कोणी बडे पाहुणे आले. उन्हाने टाकीचं पाणी कोमट झालं होतं आणि कोमट पाण्यात हवा कमीच राहते. पाहुण्यांना लोट्याच्या पाण्याचा आवाजही खपेना. साहेबांनी हिंदुराव आणि गवराबाई दोघांना बाहेर काढलं, दाराला आतून कडी घातली आणि माझ्या खुंट्या स्वतः सरकवल्या. बारा ते सहा.

बारा वाजता मी पंप बंद केला.

दाराबाहेरून हिंदुराव हलक्या आवाजात हाका मारत होता. "साहेब, अर्धा तास तरी सोडा. साहेब." मोठ्याने ओरडला असता तर पाहुणे उठले असते, म्हणून तो हळू ओरडत होता. असं ओरडणं तुम्ही कधी ऐकलंय? ऐकू नये. आत मासे एकमेकांवर चढून तोंडं वर काढत होते. साडेतीनला पहिला कलंडला. पाचच्या आत सगळे.

सहा वाजता मी पंप सुरू केला. एका मिनिटाचाही उशीर नाही. खालून बुडबुडे येत राहिले आणि अकरा सोनमासे त्या बुडबुड्यांवर पोट वर करून हलत राहिले.

टाकी शेठजींच्या जिवाची होती. ते दुसऱ्या दिवशी येणार असं कळलं आणि साहेबांचं तोंड उतरलं. सकाळी दौलतराव आले. त्यांनी माझा दरवाजा उघडला, आतल्या कडीतल्या दोन्ही खुंट्या उपटल्या आणि कोटाच्या खिशात टाकल्या. मग पंपाची वायर माझ्यापासून सोडवून पूर्वीसारखी प्लगला लावली. गवराबाई कोपऱ्यात झाडत होती. झाडणाऱ्या बाईकडे कोण बघतो?

शेठजी आले. साहेब म्हणाले, "याने खाणं जास्त टाकलं, पाणी सडलं. पंप तर रात्रंदिवस चालू होता."

"खोटं हाय, शेठ," हिंदुराव म्हणाला. "टायमर उघडा. आतल्या कडीत दोन खुंट्या हायत. त्याच सांगत्याल."

शेठजींनी माझा दरवाजा उघडला. आतली कडी रिकामी होती. बारीक भोकं, चोवीसच्या चोवीस. हिंदुरावने वाकून पाहिलं आणि तो खाली फरशीवर खुंट्या शोधू लागला.

तेव्हा गवराबाई झाडू टाकून पुढे आली. "म्या पाह्यलंय. ह्या दौलतरावांनी खुंट्या काढल्या आन खिशात घातल्या."

साहेब हसले. शेठजींनी विचारलं, "बाई, तुला हे घड्याळ कळतं का?"

"घड्याळ न्हाई कळत. खिसा कळतो."

दौलतरावांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. एक शब्द, शेठजींचा एकच शब्द, 'खिसा दाखवा', एवढा पुरला असता. शेठजींनी घड्याळात पाहिलं, माझ्यात नव्हे, स्वतःच्या मनगटावरच्या. त्यांना दुसरीकडे जायचं होतं. "टायमर बरोबर चालतो ना?" त्यांनी विचारलं. "अगदी अचूक," साहेब म्हणाले. मग यंत्राचा दोष नाही. मग माणसाचा.

मला तोंड नाही, मित्रांनो. असतं तर मी त्या दिवशी बोंब मारली असती.

हिंदुरावची ग्राइंडिंगला बदली झाली. जायच्या आधी तो मला शेवटची किल्ली द्यायला आला. किल्ली देऊन झाल्यावर त्याने रिकाम्या भोकांवरून बोट फिरवलं. "तुझी चूक न्हाई रे," म्हणाला. "मीच दोन कड्याचा मागितला."

ही एवढी गोष्ट मला सहन होत नाही. बाकी सगळं सांगता येतं.

डॉक्टरने वर्ष म्हटलं होतं. हिंदुरावने सहा महिने काढले. शेवटी शेवटी तो खाटेवर बसूनच झोपे, आडवं झालं की दम कोंडे. कौशल्याबाई रात्रंदिवस पंख्याने वारा घाली, जसं काही वाऱ्याने छातीच्या आत जाता येतं. हे मला गवराबाईकडून कळलं. ती रिकामी टाकी पुसता पुसता माझ्याकडे बघून बोलायची. कारखान्याने कागदावर 'क्षय' लिहिलं. धूळ लिहिली नाही.

मला काढून स्टोअरात टाकलं. गवराबाईने एक दिवस दौलतरावांपुढे उभं राहून सांगितलं, "त्यो डबा मला द्या." भंगार असं फुकट बाहेर द्यायचं नसतं. दौलतरावांनी मान वर न करता मला तिच्या हातात दिलं. गेटवर कोणी अडवू नये म्हणून चिठ्ठीही लिहून दिली. त्या खुंट्यांचं त्यांनी काय केलं, मला माहीत नाही.

आता मी कासारवाडीत तिच्या घरी फळीवर आहे. मला एकही वायर जोडलेली नाही. तिच्या घरात वीजच नाही, तरी ती रोज मला किल्ली देते. आळीतली मुलं येतात, मला हलवून बघतात, हे काय म्हणून विचारतात. ती त्यांना हिंदुरावची गोष्ट सांगते, दर वेळी पुरती, एकही नाव न गाळता. साहेबांचं नावसुद्धा. मी ते इथे घेतलं नाही, तिच्याकडे येऊन ऐका.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी घरात मासे पाळाल, कोणी कारखाने काढाल. टायमर घ्यायला जाल तेव्हा नीट निवडा. दिव्याला खुशाल लावा, माशांनाही अंधार लागतो. हवेला मात्र लावू नका. कोणाच्याही हवेला. आणि कोणी साहेब म्हणाला की तीन तासांचा तर प्रश्न आहे, तर त्याला अदबीने सांगा, साहेब, आधी तुम्ही नाक दाबून धरा.

मी मोजतो. मी अचूक आहे.